बुडालेला शेठ

भारतीचा अंगठा शाईला लागायच्या आत ताईने डबी उचलून मागे ठेवली.

"कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा," ती मुकादमाला म्हणाली.

जिवा मुकादम वैतागला. सकाळीच पोशेऱ्याला येऊन तो लक्ष्याच्या दारात ठाण मांडून बसला होता. "वाचायचं काय? शेठ बुडाला. खडी मशीन बंद, बँक मागे लागलीय. तरी माणुसकी म्हणून वीस हजार देतोय. उद्या तेपण नाय मिळायचे."

माणुसकी! खडी मशीनच्या पट्ट्यात लक्ष्याचा उजवा हात कोपरापर्यंत गेला त्याला पाच महिने झाले होते. पट्ट्यावर जाळी बसवा म्हणून कामगार वर्षभर घसा कोरडा करत होते. जाळीला शेठकडे पैसे नव्हते. लक्ष्याकडे जमिनीचा तुकडा नाही, नवराबायकोच्या मजुरीवर चूल पेटायची. आता भारती एकटीच कामाला जायची आणि लक्ष्या घरी बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायला शिकत होता.

ताईने कागद ओढून घेतला. "वीस हजार घेतले की पुढचा हक्क सोडला, असं लिहिलंय यात. मालक अडचणीत आला म्हणून कामगाराची भरपाई माफ होत नाही. त्याची मालमत्ता विकली तर कामगाराचा वाटा आधी."

"मालमत्ता हाय कुठं त्याच्या नावावर?" जिवा हसला.

ताईचा चेहरा लाल झाला. "दोन डंपर, मशीन, नाशिकचं घर. अपघातानंतर नवव्या दिवशी सगळं स्वतःच्या नावावरून काढलं त्यांनी. डंपरचे नंबर सांगू?"

तिने ते कुठेही न बघता सांगितले. जिवा कागद घेऊन तरातरा निघून गेला.

आता भारती भडकली. ही ताई जव्हारच्या एका संस्थेतली. दोन महिन्यांपूर्वी घर शोधत स्वतःच आली. अर्ज लिहिला, दवाखान्याचे कागद जमवले. नाव कुणी विचारलं नाही, ताई म्हटलं की भागायचं. अर्ज लिहिताना फोन वाजला की बघायची आणि कापायची.

"शेठचं इतकं तुला कसं ठावं?" भारती ओरडली. "का त्याचीच माणूस हायेस तू? हातातले वीस हजार घालवलेस. पोरांच्या ताटात काय वाढू, तुझा कायदा?"

ताईने मान खाली घातली. "सोमवारी कामगार कोर्टात सुनावणी आहे. याल ना?"

"हात माझा गेलाय," लक्ष्या म्हणाला. "मी येनार."

सोमवारी हेमंतशेठ वकिलाबरोबर आत आला आणि दारातच थबकला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लक्ष्याने मुद्दाम बाही वर सरकवली. बघ म्हणावं, नीट बघ! भारतीला फार बरं वाटलं. शेठने नंतर या बाजूला एकदाही पाहिलं नाही.

"माझे अशील कर्जात बुडालेत," वकील म्हणाला. "देण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलेलं नाही."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अर्जाला जोडलेले कागद उलटले. "डंपर, मशीन, घर, सगळं प्रतीक्षा नावाच्या बाईंच्या नावे गेलंय. या कोण?"

"त्यांची मुलगी, साहेब. बाहेरगावी असते. तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही."

"मग तिला बोलवावं लागेल."

शेठ ताडकन उभा राहिला. "साहेब, वीस नको, पन्नास हजार देतो. आत्ता देतो. पोरीला मधे आणू नका!"

बुडालेल्या माणसाकडे पन्नास हजार कुठून आले? भारतीच्या अंगाचा तिळपापड झाला. ताईला विचारावं म्हणून ती वळली, तर ताई उठून उभी राहिली होती.

"बोलवायची गरज नाही, साहेब. डंपर विका, मालकिणीची हरकत नाही," ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही खाली बसा."