श्रीची खोली

पामुजीने खोक्याला सीटबेल्ट लावला, ओढून पाहिला आणि मगच गाडी सुरू केली. खोक्यात गाठ मारलेला उशीचा जुना अभ्रा होता आणि अभ्र्यात वेटोळं करून श्री निजली होती. झाकणाला हवेसाठी भोकं पाडली होती. तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून त्याने शेजारच्या काचेला बाबांची लुंगी लावली होती.

उद्या ईद. बेकासी शहरातून निघालेला रस्ता गावी जाणाऱ्यांनी फुलून गेला होता आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. एरवी पामुजीने सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. आज मात्र तो ब्रेकसुद्धा हलक्या पायाने दाबत होता. श्रीला हिसका बसता कामा नये.

बाबा गेल्यापासून त्याने एकही ईद गावी केली नव्हती. बाबांशिवायचं घर बघवत नव्हतं, आणि एकट्या माणसाला सणावारी प्रश्नही फार.

त्यांच्या देलांगू गावात भातखाचरातल्या अजगराला कुणी साप म्हणत नसे. ती श्री, भाताची माय; गावातल्या निम्म्या मुलींचं नावही तिच्यावरूनच. कोठारात आली तर तिला हाकलायचं नाही, वाटीभर पाणी ठेवायचं. बाबांना तर तिचं भारी वेड. मशिदीतून आले की चपला काढायच्या आधी कोठारात डोकवायचे. आई चुलीपाशी बसून चिडवायची, "बघा जाऊन, माझी सवत जेवली का." बाबा हसत हसत परत यायचे आणि घर कसं भरलेलं वाटायचं.

घराची मधली खोलीही श्रीचीच. तिथे पलंग होता, उशा होत्या, पण झोपत कुणीच नसे. कापणीची पहिली लोंबी तिथे ठेवायची. आईबाबांचं लग्न झालं तेव्हा दोघं त्याच खोलीच्या दारापुढे बसले होते. ती गोष्ट सांगताना आई म्हातारपणीही लाजायची.

बाबा गेले आणि त्याच हंगामात कोठारातली श्रीही दिसेनाशी झाली. मग आई फोनवर एकच सांगायची, घर खायला उठतं रे.

म्हणून तर ही दुसरी श्री. बेकासीत कारखान्यामागच्या खाचरात भराव टाकताना मजुरांनी फावडं उगारलं होतं, तेव्हा पामुजीने तिला उचलून आणली. तेव्हा ती हातभर होती. त्याच्या खोलीतच ती वाढली. तिला सोडून गावी जायचं त्याच्या जिवावर यायचं. यंदा त्याने ठरवलं, हिची जागा आईपाशीच.

रमजान लागला तेव्हा त्याने फोनवर सांगितलं होतं, "आई, या ईदला श्रीला घेऊन येतोय."

पलीकडून आईचा हुंदका आला. "किती वाट बघितली रे, बाळा. आधी का नाही बोललास?"

"तुला आवडेल की नाही, वाटलं."

"मला नाही आवडणार? कशी आहे रे?"

"शांत आहे. तोंडातून आवाज म्हणून नाही. माझ्या खांद्याएवढी झालीये."

"अशीच हवी होती," आई म्हणाली. "तुझे बाबा असायला हवे होते." त्यावर दोघंही रडले. पामुजीला त्या रडण्याने फार बरं वाटलं.

दुपारी तो रस्त्याकडेच्या थांब्यावर सावली बघून उभा राहिला. गाडी गारही नको आणि तापलेलीही नको, म्हणून त्याने दारं उघडी ठेवली. रोजा सुटल्यावर खायला चार केळी घ्यावीत म्हणून शेजारच्या टपरीवाल्या बाईला हाक मारली. केळी देताना तिची नजर झाकणाच्या भोकांवर गेली. आत कोण आहे, असं तिने विचारलं.

"श्री," तो म्हणाला.

बाई तिथलीच, भातशेतीतली. तिने डोक्यावरची ओढणी सावरली, दोन पावलं मागे सरली आणि पुटपुटली, "सांभाळ गं, माय." पामुजीला वाटलं, आपण अर्धे घरी पोचलोच.

इतक्यात आईचा फोन आला. कुठवर आलात, श्री काही खातेय का.

"निघायच्या आधीपासून काही दिलं नाही तिला. पोटात काही असलं की गाडीत उलटून टाकते."

आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "बरं बरं. जपून आण. खड्डे बघून चालव." मागे मावशीच्या हसण्याचा आवाज आला. "आणि ऐक, मधली खोली तयार केलीये. नव्या चादरी घातल्यात."

पामुजीला वाटलं होतं, आई कोठाराचा कोपरा देईल. हिने तर थेट मधली खोली दिली.

सूर्य कलता कलता गाडी गावात शिरली. मशिदीत नगारा वाजत होता, घराघरांतून नारळाच्या रश्श्याचा वास येत होता. त्यांच्या ओट्यावर सगळी आळी गोळा झाली होती. आईने ठेवणीतला हिरवा झगा घातला होता आणि तिच्या हातात मोगऱ्याचा गजरा होता. श्रीला बघायला एवढी माणसं आलेली पाहून पामुजीला बाबांची फार आठवण झाली. त्याने उतरून आईचे पाय धरले.

आईने त्याच्या डोक्यावरून घाईघाईत हात फिरवला आणि ती गाडीच्या पलीकडच्या दाराशी गेली. दार उघडलं, लुंगी बाजूला केली. मग वाकून मागच्या सीटवर पाहिलं. पुन्हा पुढे आली, बेल्ट सोडवला, खोकं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे सामान नंतर काढ रे," ती म्हणाली. "आधी माझ्या सुनेला उतरव."