आंब्याचं माप

भर श्रावणात शिवणकाम बाजूला ठेवून सून हापूसखाली दोरी ताणून फांद्यांचा पसारा मोजत होती. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते दगडाखाली दाबलं होतं.

"झाडाला झंपर शिवतेस काय गो?" सासऱ्यांनी पडवीतून विचारलं.

"मोहर आणणारं संजीवक पसाऱ्याच्या मापानंच द्यायचं असतं, मामंजी. मागे तुम्ही अंदाजानं ओतलंत, तेव्हा पालवी आखडली होती."



एका वर्षाआड फळ धरणाऱ्या त्या झाडाचं हे रिकामं वर्ष होतं. तरी ते मोहरलं आणि एप्रिलात फांद्यांना टेकू द्यावे लागले.

पुढच्या श्रावणात शेजारचे बागायतदार औषधाचं प्रमाण विचारायला आले.

"थांबा, सूनबाई शिवणावर बसलीय," सासरे म्हणाले. "माप तीच घेते. मी दोरीचं दुसरं टोक धरतो."