जाकिटाचा रंग

"आणि हा पोपटी?" रस्त्यापलीकडून संघर्षने विचारलं. "कसा दिसतोय?"

दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या पल्लवीने मान तिरकी केली, डोळे बारीक केले. लांबचं पाहताना लोक असंच करतात, हे तिला आठवत होतं. ठीक आहे, ती म्हणाली, पण मघाचा केशरी जास्त उठून दिसत होता.

खरं तर तिला पोपटी दिसला नव्हता, केशरीही नाही आणि रस्ताही नाही. समोर होता तो नुसता दुधासारखा उजेड, आणि त्यात कुठेतरी भावाचा आवाज.

पुढच्या महिन्यात दोघं काश्मीरला निघणार होती. दृष्टी अधू असलेल्यांना स्कीइंग शिकवणारं एक शिबिर तिथे भरणार होतं. बर्फाच्या उतारावर सोबत्याने पुढे घसरत जायचं, शिकणाऱ्याने मागे. ज्यांना थोडं दिसतं त्यांनी सोबत्याच्या जाकिटाचा भडक रंग धरून जायचं. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनी त्याच्या आवाजावर. शिबिरात दोन्ही चालत होतं. घरी चालत नव्हतं. "थोडं दिसतंय तोवर ये जाऊन," असं आई म्हणाली होती, आणि तेही बरेच दिवस अबोला धरल्यावर.

ते थोडं दिसणंही गणपतीनंतर केव्हातरी गेलं. पल्लवीने कोणाला कळू दिलं नाही. घर तिला पाठ होतं, ऑफिसची वाट पाठ होती. आणि बर्फावर सोबती म्हणून संघर्षदादा असणारच होता. दादा म्हणजे अखंड बडबड. जेवतानासुद्धा त्याचं तोंड बंद नसे. तो बोलत राहील, आपण त्या बोलण्यामागे जात राहू, एवढाच तिचा बेत होता.

दुकान गंगापूर रोडला, निसारभाईंचं. पावसाळ्यात त्र्यंबकच्या डोंगरांवर जाणारी पोरं त्यांच्याकडून रेनकोट आणि सॅक न्यायची. थंडीत ते बर्फाचं सामान काढून ठेवत. आतून घालायचे लोकरीचे कपडे त्यांनी आधीच बाजूला केले होते. सुती काही घालू नका ताई, घाम सुकत नाही आणि मग थंडी हाडात शिरते, असं त्यांनी बजावलं होतं. हातमोजे चढवल्यावर पल्लवी जरा घाबरली. त्या जाड कापडात बोटं मुकी झाली. हेल्मेटवर मात्र ती अडून बसली. कान झाकणारं उबदार घ्या, असं निसारभाई सांगत होते. तिने एकेक डोक्यावर चढवलं, त्यांना बोलायला लावलं आणि ज्यातून आवाज सगळ्यात स्वच्छ आला तेच ठेवून घेतलं. संघर्ष तेव्हा शेजारीच होता. तो काही बोलला नाही. तो काही बोलला नाही, हेच तिला खटकलं होतं.

आता फक्त जाकिटं राहिली होती, आणि त्यातलं त्याचं आधी ठरायचं होतं.

तो रस्ता ओलांडून आत आला. केशरी पुन्हा एकदा घालून बघू म्हणाला. चेन वर ओढल्याचा आवाज झाला. तिने इथेच थांबायचं आणि रंग दिसला की बोट दाखवायचं, असं सांगून तो पायरी उतरला.

एक रिक्षा गेली. तिच्यामागून मोटरसायकली गेल्या. गोंगाट ओसरला आणि पल्लवी त्याच्या आवाजाची वाट पाहू लागली. आवाज येईना. समोरच्या टपरीवर चहाचे ग्लास खळखळले. निसारभाईही गप्प झाले होते. दादा, आहेस का, असं विचारावंसं तिला फार वाटलं. पण ज्याला दिसतंय तो असं कशाला विचारेल? मानेवर घाम आला. मघाच्याच जागी असणार, तिने ठरवलं. हात उचलला आणि समोर बोट धरलं.

"तो काय. स्पष्ट दिसतोय केशरी."

"पल्लवी," उत्तर अगदी कानाजवळून आलं. "मी इथे आहे."

तो त्याच पायरीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता; गोंगाटात तो परत आलेला तिला कळलंच नव्हतं.

तिचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. कधीपासून, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो चिडून ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो ओरडला नाही.

"आणि उतारावर मी असाच गप्प झालो असतो तर?" तो म्हणाला. "ठसका लागला असता, पडलो असतो मी, काहीही. तू कुठे गेली असतीस?"

ह्याचा विचार तिने केला होता, रोज केला होता, आणि रोज तो बाजूला सारला होता.

"आईला तू सांगायचं," तो म्हणाला. "आजच."

"हो."

चेन खाली ओढल्याचा आवाज आला. तो जाकीट काढत होता. संपलं, पल्लवीला वाटलं. आता निसारभाईंना तो काय सांगणार, तेही तो बोलण्याआधीच तिला ऐकू आलं: माफ करा, सगळं सामान परत ठेवा. दारातून आत वळून, काउंटरचा काठ चाचपत ती हेल्मेट शोधू लागली. निदान ते तरी आपल्या हाताने परत द्यावं.

तेवढ्यात तिच्या खांद्यांवर काहीतरी जड येऊन पडलं. त्याच्या अंगाची ऊब अजून त्यात होती. संघर्षने तिचा एक हात बाहीत घातला, मग दुसरा.

"निसारभाई, ह्याच रंगात हिच्या मापाचं काढा," तो म्हणाला. "हिला कोणी दिसत नाही, तर ही तरी सगळ्यांना दिसली पाहिजे. मला कुठल्याही रंगाचं द्या. मला फक्त बोलत राहायचंय."