दारापुढची टाकी

मतदान तोंडावर आलं होतं आणि रुद्रप्पा मागे पडले होते.

"मामा, ती टाकी काढा की," भाकरी थापता थापता सून महादेवी म्हणाली. "रस्ता मोकळा झाला की बाजारातली सगळी मतं तुमचीच."

"टाकी ऱ्हाऊ दे," रुद्रप्पा म्हणाले.

हे सगळं शहर मोबाईलमधलं होतं. बायको गेल्यावर रुद्रप्पा होटगीहून सोलापुरात लेकाकडे आले, पण त्यांच्या तोंडातून शब्द निघेना. मग महादेवीनं हा शहर वसवायचा खेळ त्यांना शिकवला. रस्ते, नळ, शाळा आपण बांधायच्या. अधूनमधून तिथली चिमुकली माणसं महापौर निवडतात. माणसावर बोट ठेवलं की त्यानं मत कुणाला दिलं आणि का, ते दिसतं. हरलं की शहर पुसलं जातं, माणसांसकट.

त्या माणसांना नावंही देता येतात. महादेवी सासूला अत्या म्हणायची; हिरव्या साडीतल्या एका बाईला तिनं त्यांचंच नाव दिलं, गिरिजाबाई.

रुद्रप्पांना ते पटलं नव्हतं. ही बाई सारखी हसायची, हात हलवायची. "ही न्हाय ती," ते म्हणाले होते. "तुज्या अत्यानं कवा मला हसून हात केलता?"

तरी पाण्याची टाकी त्यांनी बांधली ती तिच्याच दारापुढं. तिला पाण्याला लांब जावं लागू नये. होटगीतही त्यांनी हौसेनं भलामोठा पिंप आणून दारात ठेवला होता. रांगोळीला जागा उरली नाही म्हणून गिरिजाबाई वर्षभर बोलत होत्या.

आता टाकीनं रस्ता अडला आणि दुकानदार चिडले. समोरचा उमेदवार टाकी पाडायचं आश्वासन देत फिरत होता. मतांत फेरफार करायचंही एक बटण होतं. महादेवीनं ते दाखवलं, तर रुद्रप्पांनी मान हलवली. गिरिजासमोर तसलं काही करायचं नाही, म्हणाले.

त्यांनी घाईघाईनं सूतगिरणीच्या वस्तीत दवाखाना काढला, तिथं दिवे लावले. मतमोजणी सुरू झाली. कधी हा पुढे, कधी तो. महादेवी पिठाच्या हातानंच शेजारी येऊन बसली. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उठलं नाही.

रुद्रप्पा जिंकले. एका मतानं.

शहर राहिलं. पडद्यावर फटाके उडाले, चिमुकली माणसं नाचू लागली. महादेवीनं पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.

"एकच मत, मामा. ते अत्याचंच."

रुद्रप्पांनाही तसंच वाटत होतं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि हिरव्या साडीवर हळूच बोट ठेवलं.

मत: विरोधी उमेदवाराला. कारण: दारापुढची टाकी.

रुद्रप्पा बघत राहिले. मग पोट धरून हसू लागले, होटगी सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"महादेवी, हे बघ," ते म्हणाले. "हीच की ती."