अकरा मिनिटांची टेप

"आवाज आला की बटण दाबायचं. नाही आला तर गप्प बसायचं. सोपं आहे, सर." म्हाताऱ्याच्या कानांवर हेडफोन नीट बसवून तंत्रज्ञ बाई काचेपलीकडे गेली.

सोपं कसलं डोंबलाचं! चाळीस वर्षं यंत्रांतून संगीत काढलेला माणूस. वर्गातली पोरं पाठीमागे त्याला 'गुरगुर सर' म्हणायची. पंख्याच्या घरघरीतून, पंपाच्या धडधडीतून त्याने रचना केल्या, बक्षिसं मिळवली, पोरांना ऐकायला शिकवलं. आणि आता कान तपासायला बसला, तोही जुन्या विद्यार्थिनीसमोर. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुढचा आवाज कधी येईल याचा अंदाज बांधून तो ठेक्यात दाबत राहिला.

"सर, आत्ता काहीच वाजलं नव्हतं," हेडफोनमधून ती म्हणाली.

तो ओशाळला.

"असू दे हो, बरेच जण करतात." ती हसत आत येऊन त्याचा हेडफोन काढू लागली. "पण तुम्ही? परीक्षेसाठी मी केलेल्या रचनेची टेप ऐकून तुम्ही तोंडावर सांगितलंत, हिच्यात दम नाही. खूप रडले तेव्हा. पण बाकीचे गोडगोड बोलत होते, खरं बोललात ते तुम्ही एकटे. म्हणून तर वेळेत संगीत सोडलं आणि हे कान तपासायचं शिकले. लेकीलाही सांगते मी, शिक्षक असावा तर असा."

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवीस वर्षं जे मनाला खात होतं, त्याचेच ही गोडवे गात होती.

"ऐकली नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी टेप. तपासलेल्या टेपा पुसून आपण पुन्हा वापरायचो ना? तुझी चुकून त्याच ढिगात गेली. मला माझी रचना स्पर्धेला पाठवायची घाई होती. हाताला आली ती टेप यंत्रावर चढवली. सकाळी खोक्यावर तुझं नाव दिसलं. चूक कबूल करायला जीभ उचलेना, म्हणून मग... दम नाही म्हणालो."

"ती बक्षीस मिळालेली रचना? ती माझ्या टेपवर?"

"हो."

ती स्टुलावर बसली. हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळू लागली.

"सुरुवात तरी ऐकली असेल, सर."

"नाही गं. एक सेकंदसुद्धा नाही."

"एकच प्रत होती ती. अकरा मिनिटांना तीन महिने लागले होते. घरीही कुणाला ऐकवली नव्हती. म्हटलं, आधी तुम्ही ऐका."

"माझं चुकलं, पोरी. फार चुकलं. मला माफ कर."

"माफीचं राहू द्या, सर," ती म्हणाली. "तिच्यात दम होता की नव्हता, ते आता मी कुणाला विचारू?"