पुसलेलं बोलणं

लकव्याने आईची वाचा गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मेंदूत चिप बसवली. आई मनात बोलायची आणि गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून शब्द बाहेर पडायचे. ती गेल्यावर चिप बनवणाऱ्या कंपनीने लेकीला शब्द दिला, "त्यांचं सगळं बोलणं पुसून टाकलंय, ताई."

आज लेक गुडघा दाखवायला दवाखान्यात आली होती. शेजारी व्हीलचेअरवर एक आजोबा होते, गळ्यात त्याच कंपनीचा, तसाच स्पीकर. आतला चष्मा काढताना लेकीची पर्स उपडी झाली.

"सांडलंस ना, ठमाबाई? धांदरट मेली!" स्पीकर बोलला.

लेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला ठमाबाई फक्त आई म्हणायची.

आजोबांची बायको ओशाळली. "मनावर घेऊ नका हो. यांच्या मनातलं नीट कळलं नाही की मशीन पदरचं काहीबाही बोलतं. आमच्यात ठमाबाई कुणीच नाही."

कंपनीला जाब विचारायला लेक तडक उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. स्पीकरपाशी वाकून हळूच म्हणाली, "आई, मी आहे गं."

"किती वाळलीस! जेवतेस ना वेळेवर?"

लेक रडत रडत सांगत राहिली, स्पीकर विचारत राहिला. आजोबांचे ओठ थरथरत होते. भरलेले डोळे बायकोवरून हलत नव्हते.

शेवटी बायकोने हात जोडले.

"उठा आता, बाई. यांनाही माझ्याशी काहीतरी बोलायचंय."