लिफ्टचं म्हणणं

"आधी तो ब्लॉग बंद करा!" दार पुरतं उघडायच्या आतच सोसायटीचे चेअरमन कडाडले. त्यांना धाप लागली होती, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

दार उघडणाऱ्या बाईच्या कडेवरची मुलगी दचकून तिच्या मानेला बिलगली. मुलीच्या एकाच पायात बूट होता.

चेअरमननी मोबाइल तिच्या नाकासमोर नाचवला. "लिफ्ट कधी ब्लॉग लिहिते का हो?"

"बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी तोंड उघडेना, म्हणून शेवटी तिनेच उघडलं."

"वा! ऐका हिचं म्हणणं." ते ठसक्यात वाचू लागले. "'मी तुमची लिफ्ट. आज सकाळी दार लागायच्या आतच मी निघाले. एका चिमुरडीचा बूट खाल्ला. पाय थोडक्यात हुकला. असू दे, मला घाई नाही.' शोभतं हे शिकलेल्या बाईला? फ्लॅट बघायला आलेली माणसं वाचून परत जातायत!"

"काका, अर्ज देऊन देऊन थकले मी. दर वेळी तुमचं एकच, बघू. आज हिचा पाय गेला असता."

"गेला का? नाही ना? मग उगाच कांगावा कशाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, जाऊ दे. मोठे आहेत ते."

"मोठे आहेत म्हणूनच सांगतेय, आई!"

"लिफ्ट ठणठणीत आहे," चेअरमन म्हणाले. "आत्ताच्या आत्ता सगळं पुसून टाका."

"पुसते."

ती तरातरा बाहेर आली आणि तिने लिफ्टचं जाळीचं दार खाडकन ओढलं. आतला दिवा फडफडत होता.

"या, बसा. खाली नीट पोचलात की गेटवरून हात करा. मी इथे खिडकीत उभी राहते. एक अक्षर ठेवणार नाही."

चेअरमननी लिफ्टकडे पाहिलं. मग तिच्याकडे. खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"मला... डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

कठड्याला धरून, दुखरा गुडघा सांभाळत ते पाचव्या मजल्यावरून जिना उतरू लागले. प्रत्येक पायरीला त्यांच्या तोंडून बारीकसं "आई गं" निघत होतं.

ती मुलीला मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसली. चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. तिने मोबाइल काढला.

'आज चेअरमन जिन्याने आले,' लिफ्ट लिहू लागली, 'आणि जिन्यानेच गेले.'